दोन याद्या : पुण्यातल्या एका मराठी बॅप्टिस्ट मंडळीची पहिली वर्षं

आमच्या मंडळीच्या, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समुदायाच्या, कपाटात दोन याद्या आहेत. एक जाड पुठ्ठ्याची वही. तिच्यात सभासदांची नावं, बाप्तिस्म्याची नोंद, कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं. दुसरी म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदीची प्रत. तिच्यावर विश्वस्तांची सात नावं. पहिल्या चार वर्षांत आमचं जे बिनसलं आणि जे सावरलं, ते बहुतेक या दोन कागदांमधल्या अंतरात घडलं.

मी या मंडळीची पहिली चिटणीस. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे इतिवृत्त लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. हल्ली पुण्यात घरगुती प्रार्थनासभेतून मंडळी उभी करू पाहणारे लोक भेटतात आणि म्हणतात, “ताई, तुमची घटना द्या, आम्ही नाव बदलून छापतो.” घटना, म्हणजे मंडळीची नियमावली, देण्याआधी मी त्यांना बसवून हे सगळं सांगते. मंडळीचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम घालत नाही, कारण यातली काही माणसं दुखावून गेली आणि ती आजही आमचीच आहेत.

आम्ही कुठले

आमच्यातली बहुतेक घरं नेवासा, राहुरी, जालना या बाजूची. वडील किंवा आजोबा पोटासाठी पुण्यात आले. कुणी कारखान्यात लागले, कुणी इस्पितळात, कुणी रंगकामाला. आमचा ख्रिस्ती वारसा अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेचा. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारी ही परंपरा. मग विश्वास कबूल केलेल्यालाच, पाण्यात बुडवून, बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट कुठून आले, असं आम्हाला फार विचारतात.

याची एक गोष्ट आहे आणि ती मला कायम हलवून जाते. १८१२ साली अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेने हिंदुस्थानकडे मिशनऱ्यांची पहिली तुकडी पाठवली. तिच्यातल्या अॅडोनिराम जडसन यांनी जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास सुरू केला, त्यांचं मत बदललं आणि कलकत्त्यात त्यांनी पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ ल्यूथर राइस यांनीही घेतला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट जुन्या मतावर राहिले आणि १८१३ मध्ये मुंबईला उतरले. त्यांनी सुरू केलेल्या मिशनचं नगरचं ठाणं १८३१ साली उभं राहिलं. म्हणजे बुडवणारे आणि शिंपडणारे एकाच घरातून निघाले होते. आमच्या पणजोबांच्या वाट्याला शिंपडणारे आले.

बॅप्टिस्टांचा मराठीशी संबंध तर याहून जुना. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने काम करून १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. नवा करारही श्रीरामपूरहून मराठीत आला. पुस्तकं आली, पण त्यांच्यामागून या भागात मंडळ्या आल्या नाहीत. इथलं काम अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनांनी केलं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्या सहांमध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या बॅप्टिस्टांचीही एक परिषद होती, म्हणून तिथे बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. आमच्यातले निम्मे त्याच मंडळीत वाढले. आम्ही कुणाशी भांडून निघालो नव्हतो, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण तसं बोललं गेलं.

करार

सुरुवात वडगाव शेरीतल्या दोन खोल्यांत झाली. बुधवारची प्रार्थना, एक हार्मोनियम, एक ढोलकी. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकणारा जालन्याकडचा एक तरुण शनिवार-रविवारी येऊ लागला. (ही सेमिनरी मूळची यवतमाळची, १९८३ मध्ये पुण्यात आली.) शिक्षण संपल्यावर आम्ही त्याला राहायची विनंती केली. वयाने तो माझ्या मुलाएवढा, पण त्या दिवसापासून आम्ही सगळे त्याला पाळकसाहेब म्हणतो; पाळक म्हणजे मंडळीचा धर्मगुरू.

बॅप्टिस्ट मंडळी इमारतीने, बिशपने किंवा नोंदणीने सुरू होत नाही. विश्वास कबूल केलेली माणसं देवासमोर एकमेकांशी करार करतात तेव्हा ती सुरू होते. पाळकसाहेबांनी आम्हाला तयार मजकूर दिला नाही. तीन रविवार आम्हीच बसून एक पान लिहिलं. कुणाचं दुखणं कळलं तर बोलावण्याची वाट न बघता जाऊ. कुणाविषयी तक्रार असेल तर आधी त्याच्याशी बोलू. मिळकतीतून जमेल ते देऊ, आणि किती दिलं हे कुणी कुणाला विचारणार नाही. सहा घरांतल्या चौदा जणांनी खाली नावं लिहिली. त्यातले दोन अंगठे. वहीचं पहिलं पान ते.

जागेचं लवकर सांगते. ढोलकीमुळे खालच्या मजल्यावरच्या आजारी काकांना त्रास व्हायचा. त्यांच्या मुलाने सोसायटीकडे तक्रार केली आणि ती रास्त होती. आम्ही चंदननगरमधल्या एका शिकवणी वर्गाचा हॉल रविवारी सकाळी सात ते नऊ भाड्याने घेतला. तिथल्या फळ्याचा एक उपयोग झाला: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गेल्या महिन्याचं अर्पण आणि खर्च मी फळ्यावर लिहायची. भाडं, पाळकांचं मानधन, चहा, रिक्षा, सगळं. माझ्या मते या फळ्याने आम्हाला पुढे वाचवलं. आपला पैसा कुठे जातो हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं मंडळीच्या निर्णयातही बोलू लागतात.

पाणी

बुडवून बाप्तिस्मा द्यायचा तर कमरेएवढं पाणी लागतं. पुण्यात हा साधा प्रश्न नाही. मुळा-मुठेच्या पाण्यात कुणाला उतरवणार? धरणाच्या पाण्यात उतरणं धोक्याचं. शिक्रापूरकडे एका सभासदाच्या मेहुण्याचं शेततळं होतं, म्हणून आम्ही ते बघायला गेलो. शेततळ्याचं प्लास्टिकचं अस्तर शेवाळाने इतकं निसरडं होतं की पाय टाकला की माणूस थेट खोलात जाईल. कुणाला असं काही सुचत असेल तर त्यांनी तो नाद सोडावा, हे मी फार मनापासून सांगते.

शेवटी त्याच शेतातला विहिरीजवळचा सिमेंटचा हौद ठरला. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. मेहुण्याने रात्री दोनला उठून पंप लावला आणि सकाळपर्यंत हौद भरला. डिसेंबरचं पाणी. पाच जण उतरले. बायकांनी जाड गडद कपडे घालावेत, वर घ्यायला चादरी हाताशी असाव्यात, आडोशाला साड्या बांधाव्यात, हे सगळं आमच्यातल्या मोठ्या बायकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. पाळकसाहेबांनी एकेकाला विचारलं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याखाली नेलं. काठावर टाळ वाजत होते. ज्याने रात्री उठून पंप लावला तो ख्रिस्ती नाही. त्याने सगळ्यांना गुळाचा चहा पाजला.

आजींचा प्रश्न

पुढच्या वर्षी नेवासा तालुक्यातल्या एक आजी मुलाकडे राहायला आल्या. सत्तरी ओलांडलेली. तान्हेपणी गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शिंपडून बाप्तिस्मा, वाढत्या वयात विश्वासाची कबुली देऊन प्रभुभोजनात (भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीत) सामील, मग सगळं आयुष्य मंडळीत. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक अर्धं पाठ. त्यांना आमच्याकडे सभासद व्हायचं होतं. पण आमच्या नियमात विश्वास कबूल केल्यावर पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्मा हीच अट होती, आणि त्यांना हौदात उतरायचं नव्हतं. थंडीची भीती नव्हती. त्या म्हणाल्या, “माझ्या आईने मला देवाच्या हाती दिलं ते खोटं होतं, असं मला पाण्यात उभं राहून म्हणायला लावू नका.”

पाळकसाहेब स्वतः ठरवू शकले असते. बऱ्याच जणांना तेच हवं होतं. ते म्हणाले, हा निर्णय माझा नाही, सभासदांचा आहे. महिनाभरात तीन सभा झाल्या. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात लांब इतिवृत्त त्यांचंच.

विरोधातला मुद्दा साधा आणि भक्कम होता. बाप्तिस्मा म्हणजे ज्याने विश्वास ठेवला त्याने स्वतः दिलेली कबुली. बाळ कबुली देत नाही. हे सोडलं तर आपण वेगळे जमलो कशाला? आजींच्या बाजूने असलेला मुद्दा पाळकसाहेबांनी इतिहासातून मांडला. १६०९ साली आम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ यांच्या भोवती पहिली बॅप्टिस्ट मंडळी जमली, तेव्हा बाप्तिस्मा पाणी ओतूनच दिला गेला. बुडवण्याची रीत लंडनमध्ये १६४० नंतर रुळली आणि तिथल्या सात मंडळ्यांच्या १६४४ च्या विश्वासाच्या कबुलीजबाबात ती लिहिली गेली. म्हणजे आरंभी विश्वास ठेवणाऱ्याची कबुली महत्त्वाची होती, पाण्याची खोली नंतर आली. बेडफर्डचे उपदेशक जॉन बनियन तर म्हणत की पाण्याविषयीच्या मतभेदावरून देवाच्या लेकराला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवू नये. एका भावाने लगेच विचारलं, “पण स्मिथनेसुद्धा तान्ह्या बाळांना दिला नाही ना?” बरोबर होतं ते. त्याला उत्तर मिळालं नाही आणि ते तसंच लिहिलं आहे.

तिसऱ्या सभेत आजींनी साक्ष दिली. नवरा लवकर गेला, ऊसतोडीवर मुलं वाढवली, दुष्काळात गाव सोडलं तरी रविवार सोडला नाही. पंधरा मिनिटं बोलल्या असतील. मग मत घेतलं. तेवीस हजर, पंधरा बाजूने, आठ विरोधात. ठरलं असं की नव्याने विश्वासात येणाऱ्याला बुडवूनच बाप्तिस्मा. पण दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा घेऊन आयुष्यभर विश्वासात राहिलेल्या व्यक्तीला सभासदांसमोर साक्ष दिल्यावर पूर्ण सभासद म्हणून घ्यायचं. आमच्याकडे जन्मलेल्या बाळांचं समर्पण करायचं, बाप्तिस्मा नाही.

मी विरोधात मत दिलं होतं. आज देणार नाही. पण त्या दिवशी विरोध करणाऱ्यांचं म्हणणं उथळ होतं असं मी कुणाला म्हणू देत नाही. एका आजीसाठी उघडलेल्या दारातून पुढे कितीजण येतील, ही त्यांची काळजी खरी होती. दोन कुटुंबं गेली, वहीतली पाच नावं. त्यातलं एक कुटुंब नाताळला अजून घरी येतं.

सात नावं

आता दुसऱ्या यादीकडे. भाड्याचा करार, बँकेतलं खातं, पॅन, या सगळ्यासाठी कायद्याला दिसेल अशी संस्था लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली आम्ही ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी केली. विश्वस्त विलेखाचा (ट्रस्ट डीडचा) मसुदा ओळखीतून मिळाला होता, दुसऱ्या कुठल्या तरी न्यासाचा. सात विश्वस्त, तहहयात. जागा रिकामी झाली तर उरलेल्यांनी नवा निवडायचा. सभासदांच्या सभेचा उल्लेख एका ओळीतही नाही. आयुष्यभर बँकेत कागद तपासलेल्या मला हे दिसायला हवं होतं. आम्ही सगळ्यांनी घाईत सह्या केल्या.

म्हणजे उपासनेत आम्ही म्हणत होतो, मंडळीचा निर्णय सभासद घेतात. कायद्यासमोर निर्णय सात जणांचा होता आणि त्यांना कुणी निवडलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी हे उघडं पडलं. आमचे एक विश्वस्त बांधकामाची कामं घेत. मनाने उदार, मंडळीवर जीव. त्यांनी वाघोलीच्या पुढे दोन गुंठे जागा देऊ केली. आपलं चर्च! शिकवणी वर्गाचे बाक उचलून थकलेल्या माणसांना हा शब्द किती गोड लागतो, ते मला ठाऊक आहे. पण अट होती: त्यांच्या घरातले दोघे कायम विश्वस्त राहतील आणि बांधकाम त्यांच्या सांगण्याप्रमाणे होईल. शिवाय जागा शेतीची होती. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे गुंठ्याच्या तुकड्याचा स्वतंत्र सात-बारा होणं आणि त्यावर बांधकाम परवानगी मिळणं तेव्हा किती अवघड होतं, हे पुण्याच्या कडेला जागा घेतलेल्या कुणालाही सांगायला नको.

सभासदांची सभा झाली. बावीस जणांनी नको म्हटलं, सहांनी हो. त्याच आठवड्यात विश्वस्तांची बैठक झाली आणि तिथे चार विरुद्ध तीन मतांनी जागा घ्यायची असं ठरत आलं. कायद्याने तेच ग्राह्य धरलं असतं.

त्या चारांत एक रंगकाम करणारे काका होते. ठराव लिहून झाला, सह्या सुरू झाल्या, वही त्यांच्यापुढे आली. ते बराच वेळ पेन धरून बसले. मग म्हणाले, “इथं माझं नाव मंडळीनं लिहिलंय. त्यांनी नको म्हटलंय. मी कसा हो म्हणू?” आणि वही पुढे सरकवली. ठराव पडला.

बांधकामवाले भाऊ आणि त्यांचे मेहुणे राजीनामा देऊन गेले, त्यांच्याबरोबर चार कुटुंबं. लेकराबाळांसह पन्नासच्या घरात असलेली रविवारची उपस्थिती तिशीच्या खाली आली. त्यांनी आमचं वाईट चिंतलं नाही. देणगी आणि मालकी यांतला फरक त्यांना दिसला नाही, आणि आम्हीही विलेख असा केला होता की तो दिसू नये.

सुदैवाने विलेखात कारभाराचे नियम दुरुस्त करायचं कलम होतं. उरलेल्या पाच जणांनी एकमताने नियम बदलले. विश्वस्त सभासदांच्या वार्षिक सभेत निवडायचे, मुदत तीन वर्षं, एका घरातला एकच. स्थावर मिळकतीचा कुठलाही निर्णय आधी सभासदांच्या सभेत, मग विश्वस्तांकडे. नव्या विश्वस्तांसाठी कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दिला. त्याच्या तारखा पडत राहिल्या. त्या काळात दर तारखेला कुणीतरी सभासद रजा टाकून माझ्याबरोबर येत असे. बहुतेक वेळा रंगकामवाले काकाच.

वाढ

त्यानंतर जी वाढ झाली तिच्यात मोठी सभा, मांडव, लाउडस्पीकर यातलं काही नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार मोकळीक असते, म्हणून गुरुवारची प्रार्थना त्या वेळेला आणली. आधी ती संध्याकाळी सातला होती आणि सातला त्यांच्या घरी चूल पेटलेली असते. एवढ्या एका बदलाने गुरुवारी हॉल भरू लागला. ससूनमध्ये कुणी दाखल झालं की आळीपाळीने डबा आणि रात्रीची सोबत. करारातली पहिली ओळ तीच होती. ज्यांच्या नातेवाईकांसाठी कुणी रात्रभर बाकावर बसलं, ते पुढे कधीतरी रविवारी मागच्या रांगेत येऊन बसत. कुणी यावं म्हणून डबा नेला नाही आणि जे आले नाहीत त्यांचा डबाही थांबला नाही.

लग्नाचा पेच मात्र आम्हाला उशिरा कळला. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ प्रमाणे आमच्या पाळकांसारख्याला विवाह लावायला शासनाचा परवाना लागतो. पत्रिका छापून झाल्या आणि मग हे लक्षात आलं. शेजारच्या जुन्या मंडळीच्या पाळकांनी येऊन विवाह लावला, आमच्या पाळकांनी उपदेश केला.

दफन

पाचव्या पावसाळ्यात आजी गेल्या. आमच्या मंडळीची स्वतःची दफनभूमी नाही. पुण्यात नव्या मंडळीला ती मिळणं फार कठीण आहे, आणि पहिला मृत्यू होईपर्यंत त्याचा विचार कुणी करत नाही, आम्हीही केला नव्हता. बाहेर पाऊस, घरात देह, आणि मुलगा फोन लावतोय. ज्या जुन्या मंडळीच्या वाट्याला दफनभूमीत जागा होती, तिच्या समितीने विचारलं, बाई कुणाच्या सभासद? मुलगा म्हणाला, या बॅप्टिस्ट मंडळीच्या. पलीकडे थोडी शांतता. मग त्यांच्या पाळकांनी विचारलं, “पुन्हा बाप्तिस्मा दिला होता का तुम्ही त्यांना?”

मी वही उघडून फोनवर वाचून दाखवलं.

ते म्हणाले, संध्याकाळी पाचला या. तिथे पोचलो तेव्हा ते छत्री घेऊन आधीच उभे होते. प्रार्थना त्यांनी केली, वचन आमच्या पाळकसाहेबांनी वाचलं, आजींना आवडणारं गीत दोन्हीकडच्या लोकांनी मिळून म्हटलं. जमलेल्यांत आजींच्या वेळी आम्हाला सोडून गेलेलं कुटुंब होतं. बांधकामवाले भाऊही आले होते. त्यांनी माती लोटली.

रात्री घरी येऊन मी वहीत आजींच्या नावापुढे तारीख लिहिली. त्या ओळीत बाप्तिस्म्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: तान्हेपणी, गावी, आईच्या हातात.